पहिलं बक्षीस मिळालेलं पत्र

एकदा एक तरुण शिक्षक होता. ही गोष्ट शपथेवर खरी आहे. मी ती डोळ्यांनी पाहिली. म्हणजे पाहणाऱ्याकडून ऐकली, आणि तोही त्या दिवशी रजेवर होता. पण खरी आहे.

हा शिक्षक एका निवासी शाळेत मराठी शिकवी. एके दिवशी शहरातून एक व्यापारी आला आणि प्रत्येक मुलाच्या हाती एकेक टॅब्लेट देऊन गेला. जाताना शिक्षकाच्या खोलीत त्याने भिंतभर पडदा लावला. पडदा इतका तल्लख, की मुलाने तिकडे 'क' काढायला घेतला की इकडे त्याचं शेपूट आधी उमटे.

"कोण काय वाचतं, काय लिहितं, काय पुसतं, सगळं इथे बसून दिसेल, सर," व्यापारी म्हणाला.

"पुसलेलं कशाला?"

"असू द्या हो! सोबतच येतं ते."

शिक्षक मनाचा वाईट नव्हता. मुलांनी वावगं काही पाहू नये, एवढीच त्याची इच्छा. पडद्याविषयी मुलांना सांगावं, हे मात्र त्याला सुचलं नाही. रोज संध्याकाळी तो पडद्यापुढे बसे आणि स्वतःच्या दक्षतेवर खूश होई.

तिथेच त्याला कावेरीचं पत्र दिसलं. कावेरी सातवीतली अबोल मुलगी. दोन वर्षांपूर्वी तिची आई वारली होती. जेवणाची घंटा होण्याआधी ती रोज आईला चार ओळी लिही आणि पुसून टाकी. त्या दिवशी तिने लिहिलं होतं, 'आई, तुझा चेहरा फोटोत आहे, पण तुझा आवाज मला आठवेनासा झालाय. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. तू मला हाक कशी मारायचीस, एकदा सांग ना.'

शिक्षकाचे डोळे भरून आले. आणि मग हौशी मराठी शिक्षकाला जे केल्यावाचून राहवत नाही, तेच त्याने केलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ते पत्र माईकवरून साऱ्या शाळेला वाचून दाखवलं, आणि भावपूर्ण लेखनाचं पहिलं बक्षीस जाहीर केलं. टाळ्या झाल्या. कावेरी पुढे आली, बक्षिसाचं पेन घेतलं, वाकून नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसली.

त्या संध्याकाळपासून शाळा सुधारली. पडद्यावर वावगा शब्द दिसेना. 'मी पहाटे उठते.' 'मी मोठ्यांचा आदर करतो.' 'मी रोज दोनदा दात घासतो.' कावेरीनेही लिहिलं, 'मला आमची शाळा फार आवडते.'

शाळेच्या मागे एक वृद्ध आचार्य राहत. लहानपणी या शिक्षकाला त्यांनीच शिकवलं होतं. शिक्षक मोठ्या अभिमानाने त्यांना पडदा दाखवायला घेऊन आला.

"एका महिन्यात सगळी मुलं सज्जन झाली, आचार्य!" आणि त्याने त्यांना कावेरीच्या बक्षिसाचीही हकिगत सांगितली.

आचार्यांनी सगळा पडदा वाचला. मग म्हणाले, "मास्तर, इतक्यात आईला पत्र लिहिलंस का?"

"फोन करतो की."

"आज लिही. इथेच." आणि खुर्ची ओढून ते त्याच्या अगदी खांद्याशी बसले, चष्मा पुसला आणि कागदावर नजर रोखली.

शिक्षकाने लिहिलं, 'तीर्थरूप आईस, साष्टांग नमस्कार. मी येथे खुशाल आहे. प्रकृतीस जपावे.' मग पेन अडलं.

"लिही ना. दिवाळीत तिच्याशी भांडून निघालास, मला येऊन सांगितलंस, ते लिही."

"तुम्ही असे मानेवर बसल्यावर कसं लिहू?"

"का बुवा? मी काय परका आहे? तुझ्या भल्यासाठीच पाहतोय."

शिक्षकाने मान खाली घातली.

आचार्य हळूच म्हणाले, "बाळ, कोणी पाहतंय हे कळलं की माणूस पाहुण्यांसमोर बसल्यासारखा बसतो. त्याला तू सज्जनपणा म्हणालास. दिवाळीचं भांडण तू मला सांगितलंस, कारण तू सांगेपर्यंत मी थांबलो होतो. त्या पोरीला आईशी बोलायला एवढीशीच जागा होती. तिथे तू शिरलास, आणि वर सगळी शाळा आत घेऊन गेलास."

शिक्षकाने त्याच दिवशी पडदा उतरवला. मुलांनी लिहिलेलं सगळं काढून टाका, असं त्याने व्यापाऱ्याला फोनवर सांगितलं. "तुमच्याकडचं निघेल, सर," व्यापारी म्हणाला. "आमच्याकडे राहतंच ते."

मग एक कोरी वही घेऊन तो नळावर गेला. कावेरी ताट घासत होती.

"चुकलं माझं, कावेरी. ही वही मी कधीच उघडणार नाही. आईला लिही."

कावेरीने ओले हात फ्रॉकला पुसून वही घेतली, कारण सरांना नाही म्हणायचं नसतं.

"लिहायला बसते मी, सर," ती म्हणाली. "पण 'आई' लिहिलं की तुमचाच आवाज येतो. माईकवरचा."

आता कबूल करतो. यातले आचार्य मी रचले, आणि शिक्षकाची क्षमायाचनाही. त्या शाळेमागे कोणी वृद्ध राहत नव्हते. शिक्षक नळावर गेला होता तो वार्षिक अंकासाठी आणखी एक पत्र मागायला. कावेरीचं उत्तर मात्र तिचं आहे, त्यात माझा एकही शब्द नाही. आणि ते ऐकून तो पत्र न घेताच परत फिरला, हेही खरं.