गोमुखीतला फोन

"पण न बघता कळतं कसं बुवा, की माळ पुरी झाली?"

"मेरुमणी बोटाला लागतो," अच्युतबुवा म्हणाले.

विश्राम पानसेला हसू आलं. हा माणूस बोट लावून चालणाऱ्या काचेच्या पडद्यांतला पट्टीचा कारागीर. लिफ्ट, मोटार, पिठाची गिरणी... जिथे बटण दिसेल तिथलं उपटून त्याने काच बसवलेली. सदऱ्यालाही बसवली असती, पण बायको आडवी आली.

मठात मात्र त्याची डाळ शिजेना. तीन वर्षं दीक्षा मागत होता आणि बुवांची अट एकच: एक माळ न बघता नीट करून दाखव.

या खेपेला तो तयारीनिशी आला होता.

"मणी झिजतात, दोरा तुटतो," त्याने फोन पुढे केला. "हे बघा, मी केलंय. काचेवर टिचकी मारली की एक नाम मोजलं जातं. फोन थरथरतो, बोटाला कळतं. एकशे आठ झाले की लांब थरथर."

"वा! म्हणजे बघायला नको?"

"मुळीच नको."

बुवांच्या हातात गोमुखी होती, जपाची माळ झाकायची कापडी पिशवी. त्यांनी माळ काढून घेतली आणि फोन आत सोडला.

"घाल हात. एक माळ झाली की दीक्षा."

विश्रामने डोळे मिटले. श्रीराम, टिचकी, थरथर. श्रीराम, टिचकी, थरथर. गडी रंगात आला. समोर बुवा आहेत हेही विसरला.

मग थरथर लांबली.

"झाले एकशे आठ!"

"अहो," गोमुखी म्हणाली.

मठातलं मांजर उठून बाहेर गेलं.

"अहो, मघापासून नुसतं राम राम काय चाललंय? बरं आहे ना तुम्हाला?"

विश्रामने फोन बाहेर काढला. बायकोला अकरा वेळा लागला होता. नामं मोजली गेली होती चार.

...

बुवांनी माळ पुन्हा गोमुखीत टाकली आणि ती त्याच्यासमोर धरली.

विश्रामने हात घातला. एकेक मणी ओढू लागला.

"ही थरथरत नाही, बुवा."

"नाही."

त्याचं बोट एका मण्यापाशी थांबलं. अजून सरकवला नव्हता, तरी मणी तिथे होता; काचेवर असं काही नव्हतं.

"आणि दीक्षा?" त्याने हळूच विचारलं. "ती मिळाली, हे मला कळणार कसं?"

बुवांनी डोळे मिटून घेतले होते.

"बोटाला लागेल."