कोंडसुऱ्याची तीस दिवस आधीची पोथी

खाडीकाठच्या कोंडसुऱ्यात शनवार तेल्यांची, म्हणजे बेने इस्रायलांची, आठ घरं आहेत. वल्हांडण, त्यांचा बेखमीर भाकरींचा सण, तीस दिवसांवर आला की सारे विहिरीपाशी जमतात आणि सणाचे नियम मोठ्यानं वाचले जातात. याचं कारण जुनी माणसं आवाज खाली आणून सांगतात.

फार पूर्वी हसाजी इथले काजी होते, धर्माचं सगळं त्यांनीच सांगायचं. माणूस शिकलेला, पण अंगात गर्व फार. एका वर्षी सणाच्या महिनाभर आधीच त्यांची बायको दीनाबाई म्हणाली, "अहो, नियमांची पोथी काढा. लोक विचारतायत."

"मला सगळं तोंडपाठ आहे," हसाजी म्हणाले. "सण दाराशी येऊ दे."

पुढे दीनाबाई तापानं अंथरुणाला खिळली. पोथी फडक्यातच राहिली.

सणाच्या सकाळी बायकांनी हंडे घासले, शिळं पाणी ओतून दिलं आणि ताज्या पाण्यात कणीक मळली. ती फुगायला लागली म्हणे. आंबवायला ताडीचा थेंबही नव्हता, तरी कणीक परातीबाहेर येऊ लागली; आणि फुगलेली कणीक या सणाला चालत नाही. विहिरीचं पाणी कोमट, आंबूस झालं होतं, तोंडात घेववेना. हसाजींनी घाईघाईनं पोथी उघडली. या दिवसांत विहिरी तापतात, तेव्हा कणकेचं पाणी आदल्या संध्याकाळी काढून रात्रभर निवत ठेवावं, असं तिथं लिहिलं होतं.

तसं पाणी गावात एकाच मडक्यात उरलं होतं, दीनाबाईच्या उशाशी. खाडी खारी, दुसरी विहीर दिवसभराच्या वाटेवर. हसाजी दारातच घुटमळले.

"घेऊन जा," ती म्हणाली. "माझ्यापायी गावाचा सण बुडायला नको."

त्यांनी मडकं उचललं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

भाकरी सपाट भाजल्या गेल्या. ऊन कलायच्या आत दीनाबाई पाणी पाणी करत गेली. हसाजींनी त्या भाकरींना हात लावला नाही. पोथी मिटायला गेले तेव्हा पुढचं पान समोर आलं. जीव धोक्यात असेल तर सणाचा नियम बाजूला ठेवावा, आजाऱ्याच्या तोंडचं पाणी काढू नये, असं त्यावर लिहिलं होतं. सकाळी घाईत ते तिथवर पोचलेच नव्हते.

उरलेलं सारं आयुष्य हसाजी दरवर्षी तीस दिवस आधी विहिरीपाशी येऊन वाचत राहिले, असं सांगतात. आजही कोंडसुऱ्यात वाचन त्याच पानापासून सुरू होतं, आणि ते संपेपर्यंत कुणी पाणी पीत नाही.