टायरची चकाकी आणि दरबारचे गॅलिस

धोंडगडच्या हैबतराव महाराजांना मोटारीचे टायर चकचकीत हवे होते. नुसते स्वच्छ नव्हे, वाकून पाहिलं तर मिशीचा पीळ दिसला पाहिजे इतके! मोटार धुणारा सटवाजी बिचारा रोज पाण्याने टायर घासायचा, पण वाळले की ते पुन्हा मळकट दिसायचे. मग दरबारातला जो तो शहाणा होऊन आपापला लेप घेऊन आला. त्या शहाणपणात टायरांचे दोन संच फुगले, भेगाळले आणि फुटले. ठपका मात्र सटवाजीवर आला, कारण फडकं त्याच्या हातात होतं.

आता शेवटचा संच उरला होता आणि दसरा पंधरवड्यावर आला होता. महाराजांनी हुकूम सोडला, "शिलंगणाच्या मिरवणुकीत टायर चमकले पाहिजेत. काय लावायचं ते सटवाजीने निवडावं. पण या टायरांना एक थेंबही लावून बघायचा नाही. आणि निवड चुकून रबराला तडा गेला, तर सटवाजीलाच मोटारीला जुंपू."

सटवाजी घरी आला आणि मुकाट्याने खांद्यांना तेल चोळू लागला. हे काय चाललंय, असं त्याच्या मुलीने, ठकूने विचारलं. जुंपायच्या आधी खांदा मऊ केलेला बरा, असं तो म्हणाला. ठकूला रडूही आलं आणि संतापही आला. तिने पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

दरबारात लेपांचे चार दावेदार होते. दिवाण नारोपंतांनी रॉकेलमध्ये मेण विरघळवलं होतं. मुदपाकखान्याचे गोपाळभट साजूक तुपाची तरफदारी करत होते, कारण त्यांच्या मते जगात तुपाने बिघडेल असं काही नव्हतंच. राजवैद्य त्र्यंबकशास्त्र्यांनी पाण्यात ग्लिसरीन कालवून आणलं होतं. आणि चौथे खुद्द महाराज! ते मिशांना लावायचं आपलं चमेलीचं तेल सुचवत होते. आपल्या लेपाने रबराला इजा होणार नाही, अशी चौघांनी शपथ घेतली. नारोपंत तर म्हणाले की रबराचं आयुष्य वाढेल.

ठकू ऐकत होती, पण तिची नजर त्यांच्या कपड्यांवर होती. मोटारीबरोबर महाराजांनी सगळ्या दरबारासाठी विलायतेहून विजारी मागवल्या होत्या. मागवताना मापं कळवायची असतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यामुळे सगळ्या विजारी एकाच मापाच्या आल्या, आणि ते माप कुणा हत्तीएवढ्या साहेबाचं असावं. त्या कमरेवर टिकत होत्या त्या केवळ खांद्यावरून घेतलेल्या रबरी पट्ट्यांमुळे. त्या पट्ट्यांना गॅलिस म्हणतात.

"सरकार, टायरला थेंब लावायचा न्हाई, मंजूर," ठकू म्हणाली. "पर गॅलिसला लावायला काय हरकत? त्येबी रबरच हाय. ज्येचा लेप त्येनं आपल्याच गॅलिसला रोज सकाळ-संध्याकाळ चोळावा आन् आठ दिसांनी तेच घालून दरबारात यावं."

नारोपंत एकदम खोकू लागले. गोपाळभट म्हणाले, तूप असं वाया घालवणं बरं नाही. पण महाराजांना कल्पना फारच आवडली. आपल्या तेलाला कसली आलीय भीती, असं म्हणून त्यांनी सर्वांआधी आपलं नाव दिलं. मग बाकीच्यांनाही नावं द्यावीच लागली.

आठ दिवसांनी दरबार खच्चून भरला. महाराज मात्र नेहमीसारखे वाजतगाजत आले नाहीत, ते आधीच गादीवर येऊन बसले होते. धोंडगडात मुजरा दोन्ही हातांनी करायची रीत होती. एका हाताचा मुजरा म्हणजे राजाचा निम्मा अपमान, असं महाराजांच्या आजोबांनी ठरवून ठेवलं होतं. भालदाराने नारोपंतांचं नाव पुकारलं. नारोपंत दोन्ही हातांनी विजार धरून पुढे आले आणि नुसती मान हलवू लागले.

"मुजरा?" महाराज म्हणाले.

नारोपंतांनी देवाचं नाव घेऊन हात उचलले. फाटकन आवाज झाला आणि संस्थानचे दिवाण चट्टेरीपट्टेरी चड्डीत उभे राहिले! गोपाळभटांचे गॅलिस तुटले नाहीत, पण तूप पिऊन असे सैल झाले होते की विजार सावकाश, अगदी मानाने खाली गेली. मागून राजवैद्य आले. त्यांनी दोन्ही हातांनी तीनदा मुजरा केला, वर जराशी उडीही मारून दाखवली. त्यांचे गॅलिस नव्यासारखे चमकत होते आणि विजार जागच्या जागी होती.

"ठरलं तर," नारोपंत विजार सावरत तणतणले. "पण महाराजांच्या तेलाचं काय? त्याची परीक्षा कुठे झाली?"

सटवाजीने डोळे मिटले. चमेलीचं तेल बाद म्हणावं तर राजाचा अपमान, आणि पास म्हणावं तर टायर फुटून खांद्यावर जू.

ठकूने महाराजांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि दोन्ही हात शेल्याखाली होते.

"त्यात काय अवघड?" ती म्हणाली. "सरकारांनी निस्तं उभं ऱ्हावं. उभं ऱ्हायले तर चमेली, न्हाईतर ग्लिसरीन."

महाराज उठेनात. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा शेल्याकडे पाहिलं, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की गादी हलू लागली. नारोपंतही हसायला लागले आणि त्यांची विजार दुसऱ्यांदा गेली.

"ग्लिसरीन!" महाराज डोळे पुसत म्हणाले. त्यांनी एक हात जपून बाहेर काढला, दातांनी मनगटावरचं सोन्याचं कडं ओढलं आणि ठकूकडे फेकलं. मिरवणुकीत मोटारीत आपल्या शेजारी सटवाजी बसेल आणि मोटार अडलीच तर नारोपंत ढकलतील, असा हुकूमही दिला.

"आणि आता," महाराज म्हणाले, "सगळ्यांनी डोळे मिटा. आम्हाला महालात जायचंय!"