कवडशातला झारा

त्या राज्यात पितळ फळीवर बसे आणि लोखंड खाली चुलीपाशी. काळ्याला वर जागा नाही, हा नियम कुणी लिहिलेला नव्हता. म्हणूनच तो पुसताही येत नव्हता.

म्हाताऱ्या तव्यानं त्या नियमाशी उभा जन्म भांडण मांडलं. लोखंडाची एकी बांधली, आणि सगळ्यात खालची का होईना, एक फळी मिळवली. तेवढ्यात त्याचा पुतण्या झारा भलतंच करून बसला. झाऱ्यानं कढईशी संसार करायचा, ही रीत. हा राहू लागला चिमट्याबरोबर. पितळेची पातेली फिदीफिदी हसली. आधीच काळे, त्यात असले. मिळालेली फळी जायची वेळ आली. तेव्हा तव्यानं पितळी पंचांपुढं चार शब्द उच्चारले : "हा आमच्या भट्टीतला नाही." लोखंडात याहून वाईट बोलणं नाही. ज्याला असं म्हटलं, तो भंगारात जातो.

फळी राहिली. झारा आणि चिमटा मागच्या पडवीत, भंगारात फेकले गेले.

पुष्कळ वर्षांनी कानावर आलं की पडवीत रोज दुपारी खेळ होतो. फुटक्या कौलातून कवडसा येतो, चिमटा झाऱ्याला त्यात धरतो, भिंतीवर सावल्या हलतात, आणि दोघं आपलीच हकिगत दाखवतात. खेळ संपल्यावर उठायचं नाही, बसून बोलायचं, हा तिथला दंडक. तवा गेला तो नावं ठेवायलाच. टाकून दिलेल्या भांड्यांच्या मागं कोपऱ्यात टेकला.

भिंतीवर एक गोल सावली आली. सोंग एका झाकणानं घेतलं होतं, पण ऐट तव्याचीच. सावलीनं तेच चार शब्द म्हटले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हसणाऱ्याशी भांडता तरी येतं.

मग बोलणं सुरू झालं. एक कानतुटकी कढई म्हणाली, मला झारा नकोच होता, पण मला कुणी विचारलंय कधी? मंडळी खुदकन हसली. चिमट्यानं मागच्यांनाही बोलायला सांगितलं. तव्यानं फळीची कथा लावली. किती झगडलो, किती सोसलं. सगळं खरं होतं, आणि सांगताना त्याचं त्यालाच खोटं वाटत होतं.

झाऱ्यानं हळूच विचारलं, "काका, ती फळी कुणासाठी मिळवली होती?"

तवा उठला आणि सावली पडली होती तिथं, भिंतीला तोंड करून उभा राहिला. चिमट्यानं झाऱ्याला पुन्हा उन्हात धरलं. रोज चिमट्याच्या हातात राहून झारा काळाभोर, तुकतुकीत झाला होता. त्याच्या भोकाभोकांतून उजेडाचे ठिपके तव्याच्या पाठीवर पडले. फळीवर नुसतं बसून बसून तिथं तांबडा गंज चढला होता, आणि तो ठिपक्याठिपक्यातून सगळ्या पडवीला दिसत होता.