हणमंताने खोळंबा दूर केला

एका गावात एक भोळा हॉटेलवाला होता. हॉटेल बायकोचं, भोळेपणा तेवढा त्याचा स्वतःचा.

त्याचं नाव हणमंता, बायकोचं केशर. दुसऱ्यांची रानं खुरपून केशरच्या हाताला घट्टे पडले होते. एक दिवस तिने खुरपं खिळ्याला टांगलं आणि स्टँडसमोर मिसळीचं हॉटेल काढलं. हाताला चव होती, धंदा चालला. मग ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, नुस्तं बसून ऱ्हाऊ नका. तालुक्याला धंदा शिकिवत्यात म्हनं. जावा, शिकून या."

हणमंता गेला. तिथे देवळेकर सर धंद्याची मॉडेल शिकवायचे. फळ्यावर चौकोन काढायचे, चौकोनातून बाण काढायचे आणि म्हणायचे, "पाठ करू नका. घरी जाऊन धंद्याला लावून बघा."

पहिलं मॉडेल सोपं होतं. "जो आधी आत आला, तो आधी बाहेर काढायचा. म्हणजे माल शिळा होत नाही."

हणमंताने हॉटेलच्या भिंतीवर कोळशाने चौकोन काढला, त्यातून दाराकडे बाण काढला. सकाळी सगळ्यांत आधी तलाठी भाऊसाहेब आले. त्यांनी रश्श्यात पाव बुडवला, तोच हणमंताने बखोट धरून त्यांना बाहेर काढलं.

"अरे, माझी मिसळ!"

"मिसळ मागनं आली, भाऊसाहेब. ती मागनं निघंल. तुमी आधी आलायसा."

सरांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "अरे बाबा, मालाचं मॉडेल माणसाला लावतात का? माणसाला विचारायचं. काय हवं, काय नको. तो म्हणेल तसं करायचं."

"असं व्हय! मग लई सोपं हाय."

गावात उतरल्यावर पहिला माणूस दिसला तो दगडू, समोरच्या हॉटेलचा मालक. हणमंताने त्यालाच विचारलं, "आमच्या मिसळीत काय नको वाटतं?"

दगडू हसला नाही, हेच विशेष. "मीठ नको," तो म्हणाला. "तिखट नको. कांदा तर बघवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी केशर दळण आणायला गेली तेवढ्यात हणमंताने मिसळ केली. गरम पाण्यात मटकी पोहत होती. गिऱ्हाईक एक घोट घेऊन उठलं आणि समोर दगडूकडे जाऊन बसलं. केशरने कपाळावर हात मारून घेतला.

सर म्हणाले, "प्रतिस्पर्ध्याला विचारायचं नसतं! त्याच्यावर नजर ठेवायची. तो जे करेल, त्याच्या एक पाऊल पुढे राहायचं."

"असं व्हय!"

त्याच आठवड्यात दगडूचे म्हातारे वडील वारले. दगडूने हॉटेल बंद ठेवलं, डोकं भादरलं. हणमंता समोरून बघतच होता. त्याने हॉटेल बंद केलं, डोकं भादरलं, मिशी काढली आणि एक पाऊल पुढे म्हणून भुवयाही काढल्या. दगडूचा बाप तेवढा गेला होता. हणमंताने आपल्या बापाबरोबर सासराही गेल्याचं गावभर सांगितलं.

त्याचे वडील, आबा, पारावर तंबाखू मळत बसले होते. शेजारी डोळे पुसत आला. "लई वाईट झालं बघा, आबा."

"का रं? कोन गेलं?"

"तुमीच की."

सासरे तर परगावाहून गाडी करून स्वतःच्याच मातीला आले.

या वेळी सर हातातला खडू खाली ठेवून समोर बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "हणमंतराव, आता एवढं एकच. सगळे कशापायी खोळंबलेत ते शोधायचं. सापडलं की तेवढंच दूर करायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

"असं व्हय!" हणमंताला हे मॉडेल फार आवडलं.

इकडे केशरला गावातल्या बड्या विश्वासरावांच्या पोरीच्या लग्नातली पंगत मिळाली. आदल्या दिवशी तिने नवऱ्याला समोर बसवलं. "ही पंगत झ्याक झाली तर साऱ्या पंचक्रोशीच्या पंगती आपल्या. बिघडली तर खुरपं खिळ्याला हायेच. उद्या पाया पडते, मॉडेल लावू नका."

"न्हाई लावत," हणमंता म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

लग्नात मसालेभात उतरला, बुंदी पडली. पण मुहूर्त टळून गेला तरी पंगत बसेना. भात निवायला लागला तसा केशरचा जीव वरखाली व्हायला लागला. बायकोचं तोंड हणमंताला बघवेना. त्याने विश्वासरावांना गाठलं. "मालक, खोळंबलंय कशापायी?"

"नवरदेवापायी! मारुतीच्या देवळाम्होरं वऱ्हाडी अजून नाचत्यात. अक्षता पडल्याबिगर पंगत बसंल का?"

हणमंताचे डोळे चमकले. खोळंबा सापडला होता.

तो भाजीचा टेंपो घेऊन मारुतीकडे गेला. नवरदेवाला वाटलं, मांडवातून बोलावणं आलं. तो घोड्यावरून उतरून टेंपोत बसला. हणमंताने त्याला गावाबाहेर फाट्यावर नेऊन सोडलं आणि हात झटकत परत आला. "खोळंबा दूर केला, मालक! मांडा पानं."

विश्वासराव मटकन खाली बसले. केशर हातातला डाव उगारून धावली. "आदी जावा आन् नवरदेव घिऊन या! न्हाईतर तोंड दावू नका!"

हणमंता भिऊन फाट्यावर गेला. तिथे आपल्या नवरदेवाशेजारी आणखी एक नवरदेव उभा होता. भलत्या गावचा होता, गाडी पंक्चर झाली म्हणून थांबला होता. हणमंताने विचार केला. एक मागितलाय, म्हणजे एक पाऊल पुढे राहायला पाहिजे. मांडवात सोडतो म्हणत त्याने दोघांनाही टेंपोत घातलं.

मांडवाच्या दारात टेंपो थांबला. एक फेटा उतरला. मागोमाग दुसरा फेटा उतरला. वाजंत्री वाजायची थांबली.

"हे काय रं?" विश्वासराव ओरडले.

"घाबरू नका, मालक. मानसाला विचारून करायचं." हणमंता नवरीपुढे जाऊन अदबीने वाकला. "ताई, ह्यातला कंचा हवा? तुमी म्हनाल तसं."

सगळा मांडव नवरीकडे वळला. नवरीने मुंडावळ्या बाजूला सारल्या. याच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा याच्याकडे बघितलं.

केशरने भातावर झाकण ठेवलं आणि खुरपं कुठल्या खिळ्याला टांगलंय ते आठवू लागली. नवरी अजून विचारच करत होती.