आठवी रेघ

नदीकाठच्या एका गावात एक साखर कारखाना होता. आता तो बंद आहे. पण ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना अजून मळीचा आंबूस वास आणि सकाळचा भोंगा आठवतो. आणि आठवतात बॉयलरवरचे भालचंद्र कुंभोजकर. सगळे त्यांना भालूअण्णा म्हणत.

दर हंगामाआधी अण्णा वाफेच्या पाइपांवर लहानशी हातोडी वाजवत आणि कान देऊन ऐकत. आवाज खणखणीत आला की म्हणत, "चांगला आहे." बद्द आला की पाइप बदलला जाई. तीस वर्षं असंच चाललं. अण्णांनी मान डोलावली, की लोक त्या पाइपांखालून बिनघोर जात.

एका वर्षी कारखान्यात नवं यंत्र आलं. त्याला पाइपाला टेकवायचे ओळीनं आठ प्रोब होते. पाइपाला जेल लावून ते फिरवले, की माणसाला ऐकू न येणारा आवाज लोखंडात शिरे, आतल्या बाजूवर आपटून परत येई, आणि पडद्यावर प्रत्येक प्रोबची एक अशा आठ रेघा उमटत. जिथे लोखंड झिजलेलं, तिथली रेघ खाली येई. यंत्र चालवायला शलाका मगदूम नावाची तरुण इंजिनिअर होती. तिची ती पहिलीच नोकरी.

दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटायचा होता. पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती. अण्णांनी सगळे पाइप पास केले होते. वेळ थोडा होता, म्हणून मुख्य पाइपाच्या पहिल्या बेंडवर, म्हणजे वळणावर, तेवढं यंत्र चालवून पाहायचं ठरलं. शलाकानं शिडीवर चढून ते फिरवलं. सात रेघा सरळ गेल्या. आठवी एकदम खाली आली. बारा मिलिमीटर जाडीचं लोखंड तिथे चारच दाखवत होतं.

तिनं तसं सांगताच खाली उभे असलेले फोरमन इंगवले हसले. "अहो बाई, सात जण एक सांगतायत आणि एकटा वेगळं. प्रोबच बिघडला असेल. अण्णांचा कान कधी चुकलाय का?"

अण्णांनाही मनातून तसंच असावं असं वाटत होतं. तरी ते शिडी चढून वर गेले. म्हणाले, "पोरी, सातव्या आणि आठव्या प्रोबची अदलाबदल कर. प्रोब बिघडला असेल, तर खोट त्याच्याबरोबर सरकेल."

शलाकानं प्रोब बदलले. खोट सरकली नाही. त्याच जागी पुन्हा चार मिलिमीटर.

अण्णांनी त्या जागेवर हात ठेवला. शलाकाला वाईट वाटलं. ती हळूच म्हणाली, "अण्णा, प्रोब चांगला आहे, हे खाली अजून कुणाला कळलं नाही. बेंड बदलायला मी सांगते. कारण दुसरं काहीतरी देऊ. तुमचं नाव नको यायला."

क्षणभर अण्णांना ते बरं वाटलं. निवृत्तीला चारच महिने उरले होते. मग त्यांची नजर पाइपावरून पुढे पुढे गेली.

"आणि पुढचे सहा बेंड?" ते म्हणाले. "तेही याच कानानं पास केलेत मी. आज हे झाकलं, तर ते कोण तपासणार?"

ते खाली उतरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझा कान चुकला. उद्या बॉयलर पेटवू नका. मी पास केलेले सगळे बेंड पुन्हा तपासा."

मॅनेजर वैतागले. "पाहुण्यांना काय सांगू?"

"सांगा, कुंभोजकर चुकला."

सहाही बेंड तपासले. पाच चांगले निघाले. सहावा होता कामावरच्या बायका जेवायला बसत त्या जागेच्या बरोबर वर. तो कापून काढला, तर आतून पार झिजलेला, एका कडेला नाण्याएवढा पातळ. इंगवल्यांनी त्याचा कापलेला तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

बॉयलर नऊ दिवस उशिरा पेटला. अण्णांना वाटलं, आता आपल्याला कोण विचारणार? पण उरलेल्या चार महिन्यांत कुणी ना कुणी रोज त्यांच्याकडे येऊ लागलं. पूर्वी जे मुकाट्यानं दडवलं जाई, ते आता लोक स्वतः येऊन सांगत. "अण्णा, वॉल्व्ह बसवताना माझं चुकलंय. जरा चला ना."

आणि अण्णा लगेच उठत.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर इतरांचा जीव अवलंबून असतो, त्यानं स्वतःचं नाव सांभाळण्याआधी स्वतःची चूक सांगावी; एकानं ती मोकळेपणी सांगितली, की इतरांनाही खरं बोलायचं बळ येतं.