पॉवर सप्लायचं मौन

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संगणकाच्या पेटीत वीज पुरवणारा म्हातारा पॉवर सप्लाय आणि खेळांची चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड शेजारी राहत होते. काही दिवसांपासून खेळ रंगात आला, की पडद्यावरची चित्रं अडखळू लागत.

"काका, ऐन वेळी मला वीज कमी पडते का हो?" कार्डाने विचारलं.

आपली ताकद सरल्याचं पॉवर सप्लायला ठाऊक होतं. पण खरं सांगितलं तर भंगारात जावं लागेल, या भीतीने तो म्हणाला, "छे! खोट तुझ्यातच असेल."

भाबड्या कार्डाला ते पटलं. मालकीण ऋजुताने धूळ झाडली, कार्ड चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर बदललं; गुण येईना. शेवटी तिने कार्ड काढून भंगारात दिलं. जाताना ते म्हणालं, "काका, माझ्यापायी तुम्हालाही त्रास झाला. माफ करा."

नवं कार्ड आलं, तेही अडखळलं. तेव्हा ऋजुताने पॉवर सप्लाय काढून तपासला, तोच कमजोर निघाला आणि ती भंगारवाल्याकडे धावली. परतली ती रिकाम्या हातांनी.

"चांगलं होतं गं ते कार्ड," ती आईला म्हणाली. "भंगारवाल्याने ते फोडलंसुद्धा."

टेबलावर पडलेल्या पॉवर सप्लायने ते ऐकलं. आता खरं सांगायची त्याची तयारी होती, पण ज्याला सांगायचं, ते कार्डच उरलं नव्हतं.